वाईचा हरताळ, परळचा हरताळ

आमच्या घरात हरताळ दोन वाटांनी आला. आईकडून आला तो वाईचा आणि बाबांकडून आला तो परळचा. दोन्हींचा उच्चार एक, लिहिण्याची तऱ्हा एक, आणि तरी दोघांची कुळं इतकी वेगळी की त्यांची एकमेकांशी गाठ फक्त मराठीतच पडावी.

वाईचा हरताळ पिवळाधमक होता. आईचे आजोबा भिक्षुकी करत आणि उरल्या वेळात पोथ्या उतरवून देत. छापखाने येऊन जमाना लोटला होता, पण काही यजमानांना हातानं लिहिलेलीच पोथी लागायची. घोटलेला कागद, बोरू, काजळीची शाई. लिहिताना अक्षर चुकलं तर त्यावर काट मारणं म्हणजे पाप. मग खलात हरताळाचा खडा घोटायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि चुकलेल्या अक्षरावर लेप द्यायचा. वाळला की त्याच्यावर नवं अक्षर. हरताळ म्हणजे सोमलाचा भाऊबंद, विषारीच. त्यामुळे कसर लागत नाही म्हणून कुणी कुणी सगळा कागदच त्याच्या पाण्यातून काढत. पोरांना त्या खलाजवळ फिरकू देत नसत. आजी सांगायची, लेप जुना झाला, पोपडे निघाले, की खालचं चुकलेलं अक्षर पुन्हा वर डोकावतं. तिच्या वडिलांच्या एका पोथीत असं एक 'न' वर आलं होतं आणि त्यामुळे देवानं भक्ताला वर दिलाच नाही, असा अर्थ होत होता. हे सांगताना ती तोंडाला पदर लावून हसायची.

तिच्या बोलण्यात मात्र हरताळ रोज असे. दिवेलागणीच्या आत घरी या, असं बजावलेलं असताना आम्ही घाटावर रेंगाळलो की दारातच स्वागत व्हायचं, "फासलात ना माझ्या शब्दाला हरताळ?" आम्हाला शब्द कळायच्या आधी त्यातला पिवळा डाग दिसायचा.

परळच्या हरताळाला रंग नव्हता. बाबांचे वडील गिरणीत होते, त्यांचेही वडील गिरणीत. पणजोबांनी आजोबांना सांगितलेली आणि आजोबांनी बाबांना सांगितलेली गोष्ट १९०८च्या जुलैची. २२ जुलैला रात्री न्यायमूर्ती दावरांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशीपासून बाजार बंद होऊ लागले, गिरण्या ओस पडू लागल्या. सहा वर्षांना सहा दिवस, असा हिशोब गिरणगावात तोंडोतोंडी फिरला. पणजोबा तेव्हा विशीतले. टिळकांचं लिखाण त्यांनी वाचलेलं नव्हतं, कारण त्यांना वाचताच येत नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की भोंगा वाजला आणि चाळीतून कुणी खाली उतरलं नाही. "भोंगा वाजतोय आणि जिना गप्प," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात चार पिढ्या टिकलंय. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. शिक्षा काही टळली नाही. टिळक मंडालेला गेलेच.

आजोबांचा स्वतःचा हरताळ १९४६चा. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार'वरच्या नौसैनिकांनी काम थांबवलं. अन्न निकृष्ट, अधिकाऱ्यांची भाषा शिवीगाळीची. आणि त्यांच्या मागण्यांत एक मागणी आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा अशीही होती. २२ तारखेला शहरानं त्यांच्यासाठी हरताळ पाळला. काँग्रेसच्या मोठ्या नेत्यांना तो नको होता, वल्लभभाईंनी शांत राहायला सांगितलं होतं; कम्युनिस्टांनी हाक दिली आणि गिरणगाव बाहेर आलं. परळमध्ये गोळीबारात कमल दोंदे पडल्या. दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मारली गेली. आजोबा हे सगळं सांगायचे, पण त्यांचा आवाज बदलायचा तो चाळीखालच्या वाण्याची गोष्ट आली की. त्यानं फळ्या लावल्या होत्या आणि मागच्या दारानं ज्वारी उधार दिली होती. वहीत लिहिली, पण नंतर मागितली नाही. "हरताळ त्याचा खरा," आजोबा म्हणायचे, "आमचं काय, आम्ही नुसते गेलो नाही."

तेव्हा मला हा भेद नीट कळला नव्हता. आजोबांच्या लेखी काम न करणं म्हणजे संप. मजूर काम थांबवतो, मालकाचं नुकसान होतं, मालक वठणीवर येतो किंवा येत नाही. बंद म्हणजे दुसऱ्याचं दुकान बंद पाडणं. हरताळात माणूस स्वतःच्या दुकानाला स्वतः कुलूप लावतो. शब्दाची घडणही तशीच सांगतात: हट्ट म्हणजे हाट, बाजार; आणि त्याला ताळा. गुजरातीत हडताळ, हिंदीत हडताल, आणि मराठीत तो आला तेव्हा इथे आधीच एक पिवळा हरताळ बसलेला होता. त्याच्याच अंगरख्यात हाही शिरला. आजीला ही व्युत्पत्ती सांगितली असती तर तिनं मानली नसती. तिच्या मते दोन्ही एकच, सरकारच्या हुकमावर पिवळा लेप. शिवाय तिसरी हरतालिका होतीच. हरताळाच्या दिवशी घरात पीठ नसल्यानं पदरी पडलेला उपास आणि हरताळकेचा कडक उपास यांत तिला फार फरक दिसत नसे.

बाजाराला कुलूप लावण्याची ही रीत गांधीजींच्या कितीतरी आधीची. सुरतेचंच घ्या. आम्हाला शाळेत सुरत दोनदा भेटते, १६६४ला आणि १६७०ला, दोन्ही वेळा महाराजांच्या स्वारीच्या निमित्तानं. त्या दोन स्वाऱ्यांच्या मधे, १६६९ साली, सुरतेच्या व्यापाऱ्यांनी काजीच्या जाचाला कंटाळून शहरच सोडलं. सुमारे आठ हजार माणसं भीमजी पारेख यांच्या पुढाकारानं भडोचला निघून गेली. मुंबईच्या इंग्रजांकडे आसरा मिळतो का याचीही चाचपणी झाली. सुरतेची टांकसाळ आणि जकातनाका सुना पडला, तेव्हा बादशहाकडून आश्वासन आलं आणि ते परतले. तलवार न उपसता त्या सुभ्याला घाम फोडण्याची ही तऱ्हा आमच्या पाठ्यपुस्तकात आली असती तर मला इतिहास जरा लवकर आवडला असता.

गांधीजींना देशभर हरताळाची कल्पना सुचली ती मद्रासमध्ये, १९१९च्या मार्चमध्ये, पहाटे अर्धवट झोपेत. तसं त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय. सकाळी उठून त्यांनी ती राजगोपालाचारींना सांगितली. आधी ३० मार्च ठरला होता, मग ६ एप्रिल झाला. दिल्लीनं ३० तारखेलाच पाळून टाकला. मुंबईत ६ एप्रिलला पहाटेच चौपाटीवर गर्दी झाली, लोकांनी समुद्रस्नान केलं, उपास धरला, संध्याकाळी बंदी घातलेली पुस्तकं विकली गेली. सणवार आणि निषेध यांची इतकी बेमालूम सरमिसळ फक्त आपल्याकडे होऊ शकते. दुकान बंद, पोट रिकामं, अंगावर ओलं धोतर.

पुढे मराठीत हरताळाचं काम इतर शब्दांनी वाटून घेतलं. बाजारपेठेचा झाला बंद, गिरणीचा संप, रस्त्यावरचा मोर्चा, कचेरीपुढचं धरणं. मोर्चा तर मुळात लढाईतला शब्द, किल्ल्याला मोर्चे लावायचे. १९५५च्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनवर तो शब्द पुन्हा गोळीसमोर उभा राहिला. १९८२च्या संपानंतर आमच्या चाळीत संप हा शब्दही लोक आवाज खाली आणून बोलू लागले. आणि हरताळ? तो उरला वर्तमानपत्राच्या मथळ्यात. नियमांना हरताळ, आचारसंहितेला हरताळ, आश्वासनांना हरताळ. म्हणजे परळचा हरताळ गेला आणि वाईचा राहिला. नव्या मुलांना विचारलं तर हरताळ ही फक्त फासायची वस्तू आहे. सत्तेला दुकान बंद करून दिलेलं उत्तर ज्या शब्दात होतं, त्याच शब्दानं आता सत्तेनं वचन कसं मोडलं ते सांगतात.

हे सगळं माझ्या डोक्यात पुन्हा सुरू झालं ते चोआ चू कांगमध्ये.

सिंगापूरच्या वायव्येला आमचं हे उपनगर. नाव ऐकून पुण्याचे नातेवाईक हसतात. तिओच्यू बोलीत चू म्हणजे घर, कांग म्हणजे नदी, आणि चोआ हे तिथल्या पहिल्या मुखियाचं आडनाव. नदीकाठी चिनी शेतकऱ्यांनी गँबियर आणि मिरीचे मळे केले, ज्याच्या नावाचा परवाना त्याच्या नावाची वस्ती. थोडक्यात चोआवाडी. मळे गेले, मग कोंबड्या-डुकरांची खेडी आली, तीही गेली, सरकारी इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि १९९०च्या मार्चमध्ये मेट्रोचं स्टेशन आलं. इमारतीच्या तळमजल्याला घरं नसतात. खांब, वारा, दगडी टेबलं, त्यांवर कोरलेले बुद्धिबळाचे पट. या मोकळ्या जागेला इथे व्हॉइड डेक म्हणतात. लग्नंही तिथेच, मयतंही तिथेच.

बाबा इथे येतात तेव्हा त्यांचा सगळा दिवस त्या व्हॉइड डेकवर जातो. तिथे एक तमिळ आजोबा बसतात. नातवंडं त्यांना ताता म्हणतात, म्हणून मीही ताता म्हणते. बाबा त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा दोघांच्याही भाषेत थोरला, त्यामुळे वाद मिटला. ताता बाबांना अंकल म्हणतात, पण इथे तर बसचालकापासून कॉफीवाल्यापर्यंत सगळेच अंकल. भाषा म्हणाल तर इंग्रजी, बाजारी मलय आणि हात. एकदा बाबा त्यांना गिरणगाव समजावून देत होते. भोंगा तोंडानं वाजवून झाला. मग त्यांना संपासाठी शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी सरळ म्हटलं, "हरताळ."

ताता ताठ बसले. "हरताल! ते तर आमच्याकडे झालं होतं."

मला वाटलं, ते मद्रासचं काही सांगतायत. ते सिंगापूरचं सांगत होते. तेव्हा ते सेरांगूनला राहत, आठ-नऊ वर्षांचे असावेत. वडील एका किराणा दुकानात कामाला. एक दिवस अख्ख्या रस्त्यानं फळ्या लावल्या. तमिळ दुकानं, चिनी दुकानं, मलय माणसाची साटेची गाडी, सगळं बंद. पोरांनी ट्रॉलीबसच्या रस्त्यावर मधोमध खेळ मांडला आणि कुणी हाकललं नाही. वडील म्हणाले, आज 'कडैअडैप्पु'. दुकानाला कुलूप, हाटाला ताळा, तोच अर्थ. पण पत्रकांवर आणि भिंतींवर शब्द होता तो हरताल.

तो दिवस २० ऑक्टोबर १९४७, सोमवार. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. इथे इंग्रज नव्यानं घडी बसवत होते. १९४६मध्ये त्यांनी मलायन युनियन आणली, तिला मलय संस्थानिकांनी आणि उम्नो पक्षानं विरोध केला, म्हणून मग बंद दाराआड फक्त त्यांच्याशी बोलून संघराज्याची नवी घटना बेतली. सिंगापूर त्यातून वेगळं काढून वसाहत म्हणूनच ठेवायचं होतं. बाकी कुणालाच विचारलं नव्हतं. तेव्हा ज्यांना विचारलं नव्हतं ते एकत्र आले. ऑल मलाया कौन्सिल ऑफ जॉइंट अॅक्शन ही एक आघाडी, तिच्यात सिंगापूरची मलायन डेमोक्रॅटिक युनियन, कामगार संघटना, चिनी आणि भारतीय मंडळी. आणि पुटेरा ही मलय डाव्या पक्षांची दुसरी आघाडी. दोघांनी मिळून स्वतःची घटना लिहिली. सिंगापूरसकट एक मलाया, निवडून आलेलं विधिमंडळ, सगळ्यांना समान नागरिकत्व, आणि त्या नागरिकत्वाचं नाव 'मलायू'. चिनी आणि तमिळ माणसानं स्वतःला मलायू म्हणवून घ्यायला तयार व्हावं, ही त्या कागदावरची सर्वांत धाडसाची ओळ. इंग्रजांनी तो कागद बाजूला सारला. उत्तर म्हणून हरताळ.

हा शब्द तिथे पोचला कसा, त्याची गोष्ट आमच्या बाबांना भारी आवडते, कारण तिच्यात एक बाबा आहे. आघाडीचे अध्यक्ष टान चेंग लॉक हे मलाक्काच्या पेरानाकान घराण्यातले. पिढ्यान् पिढ्या मलायात राहून मलय बोलणाऱ्या या चिनी पुरुषांना बाबाच म्हणतात. जपानी आले तेव्हा टान हिंदुस्थानात निघून गेले आणि युद्धाची वर्षं त्यांनी बेंगळुरूत काढली. 'भारत छोडो'चा तो काळ. रबराच्या मळ्यांशी जन्म काढलेला, इंग्रजी शिकलेला हा साठीचा गृहस्थ बंद दुकानांची ताकद तिथे पाहून आला. परतल्यावर त्यांनी हरताळाची कल्पना मांडली. चिनी व्यापारी मंडळांनी साथ दिली आणि तेव्हाच ती जमली, कारण कुलूप लावायचं तर दुकान ज्याचं त्याचीच किल्ली लागते.

पण शब्दाची ये-जा त्याआधीच सुरू झाली होती. १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि फॅरर पार्कवर चाळीस हजारांवर हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती दिले गेले. ताताच्या घरापासून ती जागा चालत जाण्याच्या अंतरावर. त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली, १९४३च्या ऑक्टोबरात सुभाषबाबूंनी कॅथे इमारतीत हंगामी सरकार जाहीर केलं. युद्ध संपल्यावर त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटले चालले, त्यांच्यासाठी मुंबईचे नौसैनिक उठले, नौसैनिकांसाठी परळ उठलं, आजोबा जिना उतरले नाहीत आणि वाण्यानं ज्वारी उधार दिली. त्यानंतर वीस महिन्यांनी तोच शब्द सेरांगूनच्या भिंतीवर. हे मी बाबांना आणि ताताला सांगितलं तेव्हा दोघांनीही मान डोलावली, म्हातारी माणसं आपल्याला आधीच ठाऊक असलेलं ऐकताना डोलावतात तशी.

हरताळ यशस्वी झाला का? दिवस यशस्वी झाला. सिंगापूर ते पेनांग बाजार ओस पडले, गोळी चालवायची वेळ आली नाही. पण संघराज्य ठरल्याप्रमाणे १ फेब्रुवारी १९४८ला आलंच, सिंगापूरला बाहेर ठेवून. पुन्हा हरताळ करावा असं टान यांच्या मनात होतं, या खेपेला व्यापारी तयार झाले नाहीत. नुकसान एकदा सोसता येतं. जूनमध्ये आणीबाणी आली, मलायन डेमोक्रॅटिक युनियननं स्वतःलाच विसर्जित केलं, आणि पुढची कित्येक वर्षं या प्रदेशाचा इतिहास जंगलातल्या बंदुकांनी लिहिला. कुलपं लावणारे त्यात हरवले. २००७मध्ये फाहमी रेझा यांनी या हरताळावर माहितीपट केला तेव्हा मलेशियातल्या अनेक तरुणांना तो प्रथम कळला. सिंगापुरात जन्मलेल्या माझ्या मुलांना होक ली बस कंपनीची १९५५ची दंगल शाळेत शिकवली, १९६४च्या दंगली शिकवल्या; त्या शांत सोमवाराचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. दंगल लक्षात ठेवायला सोपी असते. बंद दुकानाचा फोटो काय काढणार?

बाबांचा पुढचा प्रश्न साहजिक होता. आता इथे लोक काय करतात? मी त्यांना हाँग लिम पार्क दाखवायला नेलं. शहराच्या मधोमध छोटंसं मैदान, हिरवळ, कडेला पाटी. २००० सालच्या सप्टेंबरपासून हा स्पीकर्स कॉर्नर. २००८पासून नागरिकांना इथे नोंदणी करून निदर्शनंही करता येतात. २०१३च्या फेब्रुवारीत लोकसंख्या एकोणसत्तर लाखांपर्यंत जाऊ शकते, या सरकारी कागदावर हजारो माणसं इथे पावसात जमली होती. आमच्यासारख्या परक्या पारपत्रवाल्यांनी निदर्शनात उभं राहायचं नाही. बाकी बेटावर परवान्याशिवाय काही नाही. २००९च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात एकट्या माणसानं केलेलं निदर्शनही मोडतं. बाबा बराच वेळ त्या कलमावर अडून बसले. "एकटा माणूस म्हणजे जमाव?" त्यांच्या माहितीत जमावाला पाच माणसं लागतात. त्यांचं चूक नव्हतं. आपल्या दंडसंहितेतला बेकायदा जमाव पाचांचा, आणि सिंगापूरची १८७१ची दंडसंहिता आपल्याच जुन्या दंडसंहितेवरून बेतलेली, तिथेही पाचच. नवा कायदा त्याच्या पुढे गेला.

मेकॉलेच्या त्या जुन्या दंडसंहितेत एक गमतीचं कलम होतं, ५०८वं. देवाच्या कोपाची भीती घालून कुणाकडून काही करवून घेणं हा गुन्हा, आणि उदाहरण काय दिलंय, तर अमुक माणूस तमुकाच्या दारात धरणं धरून बसला. पेशवाईत सावकाराचा माणूस ऋणकोच्या उंबऱ्यावर उपाशी बसायचा आणि मग घरातल्यांनाही घास उतरायचा नाही. त्या रिवाजाची इंग्रजांनी इतकी धास्ती घेतली की तो शब्द जसाच्या तसा कायद्यात घातला. धरणं धरणाराही एकटाच असायचा. म्हणजे एकट्या माणसाला घाबरायचं कसं, हे कायद्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. बाबांना हे पटलं. ते मैदानाच्या कडेला बाकावर बसले, त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, आणि हे निदर्शन धरतील का, असं मला विचारलं.

संपाचंही इथे तसंच. २०१२च्या नोव्हेंबरात चीनहून आलेले १७१ बसचालक पगारातल्या तफावतीवर कामावर गेले नाहीत. १९८६नंतरचा तो या देशातला पहिला संप. आवश्यक सेवेत चौदा दिवसांची आगाऊ सूचना लागते, ती दिली नव्हती; काहींना तुरुंग, एकोणतीस जणांची चीनला रवानगी. बस मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. चोआ चू कांगमध्ये बस वेळेवर येणं हीच मोठी राजकीय घटना आहे, आणि हे मी उपहासानं म्हणत नाही. तिच्या मोबदल्यात काय दिलंय, याचा हिशोब लोक मनात ठेवतात, पण लोक वेळेवर घरी जातात हेही खरं.

शब्द मात्र सिंगापूरच्या बाहेर कामाला राहिला. सिलोनमध्ये सरकारनं तांदळाचा रेशनचा भाव पंचवीस सेंटवरून सत्तरवर नेला, तेव्हा १९५३च्या ऑगस्टमध्ये झालेल्या उठावाला तिथे नुसतं 'हरताळ' म्हणतात; पंतप्रधान डडली सेनानायकेंना पद सोडावं लागलं. पेनांगमध्ये १९६७च्या नोव्हेंबरात जुन्या चलनाची किंमत घसरवल्यावर हरताळ पुकारला आणि त्याची दंगल झाली. केरळात उच्च न्यायालयानं १९९७मध्ये बंद बेकायदा ठरवला, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उचलून धरला, आणि राजकीय पक्षांनी दुसऱ्या दिवसापासून त्याच गोष्टीला हरताळ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे बंदीला हरताळ फासायला हरताळच कामी आला. आमच्याकडे २००३च्या जुलैमधल्या मुंबई बंदसाठी उच्च न्यायालयानं शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी वीस लाख रुपये भरायला लावले, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. मराठीत तो शब्द रिकामा पडला होता, हातही लावला नाही कुणी.

मलय भाषेत तो अजून तरुण आहे. २६ जुलै २०२१ला मलेशियातले कंत्राटी डॉक्टर ठरल्या वेळी काळे कपडे घालून रुग्णालयांबाहेर आले. कोविडचा भर ओसरला नव्हता. कायम नोकरी नाही, बढती नाही, वर्षानुवर्षं मुदतवाढ. त्यांनी आपल्या आंदोलनाला नाव दिलं 'हरताल डॉक्टर कॉन्ट्राक'. मोगोक हा संपासाठीचा मलय शब्द हाताशी असताना त्यांनी हरताल निवडला. रुग्णांकडे पाहायला सहकारी आत थांबले, बाकीचे थोडा वेळ बाहेर उभे राहिले आणि परत आत गेले. नोकरी धोक्यात त्यांची स्वतःची होती.

मला हरताळाविषयी प्रेम आहे ते याच्यासाठी, आणि त्याच्याविषयी शंकाही इथेच येते. नुकसान स्वतःचं करून घ्यायचं, हे म्हणायला छान आहे. पण दुकान एकाचं असतं आणि त्यात राबणारे चारजण असतात. पुस्तकांत टान चेंग लॉक असतात, व्यापारी मंडळं असतात. ताताचे वडील पोती उचलत.

हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण बाबांनी आधी विचारलं. त्या दिवशी वडिलांना पगार मिळाला का?

ताता म्हणाले, अर्धा. मालक भला होता. चिनी दुकानात काहींना पूर्ण मिळाला, काहींना काहीच नाही. आईनं त्या रात्री कांजी केली, ती पातळ होती, एवढं त्यांना आठवतं; पण ती नेहमीच पातळ असायची, तेव्हा ती हरताळाची की रोजची, ते सांगता येणार नाही.

बाबा म्हणाले, परळमध्ये अर्धासुद्धा नाही. मग दोघं मिळून १९४७चा डॉलर आणि १९४६चा रुपया यांची तुलना करायला बसले. त्यात तांदूळ किती येई, ज्वारी किती, रॉकेल किती. पटाच्या टेबलावर बोटांनी आकडे मांडले जात होते. जुळत नव्हते, कारण बाबांना शेर हवे होते आणि ताता काटीत बोलत होते. शेवटी कोपितियमवाल्या, म्हणजे कॉफीच्या दुकानवाल्या, चिनी अंकलला पंच नेमलं. त्यानं दोघांची बाजू ऐकून घेतली, काटी म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम असा निवाडा दिला, आणि कोपी-ओचे दोन डॉलर साठ सेंट मागितले. बाबांनी खिशात हात घालायच्या आत ताता उठले होते.